जॉन स्टुअर्ट बेल : नोकरीपलीकडचे काम

आपल्या चरित्रमालेत आजवर आम्ही बहुतेक संत, साहित्यिक, गायक आणि समाजसुधारक यांच्याविषयी लिहीत आलो. या वेळी एका भौतिकशास्त्रज्ञाची ओळख करून देत आहोत. नाव जॉन स्टुअर्ट बेल. जन्म उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात, २८ जून १९२८ रोजी. मृत्यू स्वित्झर्लंडमधील जिनिव्हात, १ ऑक्टोबर १९९० रोजी. बेल म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना टेलिफोन आठवतो. ते अलेक्झांडर ग्रॅहम बेल. हे बेल वेगळे.

हे नाव आताच निवडण्याचे कारण सांगतो. हल्ली वर्तमानपत्रांत क्वांटम संगणक, क्वांटम संदेशवहन, क्वांटम मेमरी असे शब्द वारंवार येतात. प्रकाशाचे दोन कण एकमेकांत 'गुंतवून' त्यातला एक अणूंच्या समूहात साठवून ठेवला आणि पुन्हा बाहेर काढला, अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. पण साठवून बाहेर काढलेला कण पूर्वीसारखाच आपल्या जोडीदाराशी गुंतलेला आहे, हे ओळखायचे कसे? डोळ्यांना तर काहीच दिसत नाही. ते ओळखण्याची कसोटी बेल यांनी १९६४ साली दिली. ज्या कामासाठी त्यांना पगार मिळत होता, त्यात ही कसोटी बसत नव्हती. रजेच्या दिवसांत आणि स्वतःच्या हौसेने केलेले ते काम होते.

बेल यांचे घर कष्टकऱ्यांचे होते. आजोबा-पणजोबांपासून घोड्यांच्या खरेदी-विक्रीशी संबंध, पैसा बेताचा. चार भावंडे: थोरली बहीण रूबी, मग जॉन, त्यानंतर डेव्हिड आणि रॉबर्ट. घरात जॉनला सगळे स्टुअर्ट म्हणत. अकराव्या वर्षी या मुलाने आपल्याला शास्त्रज्ञ व्हायचे आहे असे घरात जाहीर केले आणि भावंडांनी त्याचे नाव प्रोफेसर पाडले. त्या काळी बेलफास्टमधल्या अशा घरांत मुले चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागत. आई अ‍ॅनी हिची मात्र मुलांनी शिकावे अशी फार इच्छा होती. शिक्षणाने आयुष्य सुकर होते, चांगले कपडे घालून बसून काम करता येते, एवढेच तिचे साधे गणित. पण चारही मुलांना शिकवणे परवडणारे नव्हते. एकालाच पुढे शिकवता येईल असे ठरले आणि तो एक म्हणजे जॉन.

चांगल्या शाळांच्या प्रवेशपरीक्षा तो उत्तीर्ण झाला, पण त्यांची फी झेपणारी नव्हती. शेवटी बेलफास्टच्या टेक्निकल हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला. तिथे पुस्तकी विषयांबरोबर विटांचे बांधकाम आणि सुतारकाम असले विषयही असत. सोळाव्या वर्षी शाळा संपली, पण विद्यापीठात घेण्यासाठी वय कमी भरत होते. एक वर्ष हाताला काहीतरी काम हवे म्हणून मुलगा नोकरी शोधू लागला. दोन-तीन ठिकाणी नकार मिळाला आणि अखेर क्वीन्स विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून जागा मिळाली. तारा जोडायच्या, साहित्य मांडायचे, आवरायचे. तिथल्या प्राध्यापकांनी, विशेषतः कार्ल एमेलिअस यांनी, या मुलाची चुणूक ओळखली. त्याला पुस्तके दिली, पहिल्या वर्षाच्या व्याख्यानांना बसू दिले. पुढच्या वर्षी, १९४५ मध्ये, तो त्याच विभागात विद्यार्थी म्हणून दाखल झाला. १९४८ मध्ये प्रायोगिक भौतिकशास्त्राची आणि १९४९ मध्ये गणिती भौतिकशास्त्राची अशा दोन पदव्या घेऊन तो बाहेर पडला.

इथे धाकट्या भावाविषयी थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेव्हिड यांना लहानपणी शाळा सोडावी लागली होती, पण त्यांनी संध्याकाळच्या वर्गांतून शिकून विद्युत अभियांत्रिकीत प्रावीण्य मिळवले. ते कॅनडातील लॅम्बटन कॉलेजात प्राध्यापक झाले आणि त्यांनी पाठ्यपुस्तके लिहिली. आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी डेव्हिड बेल यांचे 'इलेक्ट्रॉनिक डिव्हाइसेस अँड सर्किट्स' हाताळले असेल. ते हेच.

क्वीन्समध्ये असतानाच एक प्रश्न जॉनच्या मनात घर करून बसला. अणूंच्या जगाचे शास्त्र, म्हणजे पुंजयामिकी किंवा क्वांटम मेकॅनिक्स, वर्गात शिकवले जाई. आकडेमोड अचूक जुळे, त्यावरून यंत्रे बनत. पण मोजमाप करण्यापूर्वी कणाची स्थिती नेमकी काय असते, असे विचारले की उत्तर धूसर होऊन जाई. मोजल्यावर जे दिसते तेच बोला, त्याआधीचे विचारू नका, असा साधारण सूर होता. जॉनला हे पटेना. वर्गात त्याने शिक्षकांशी बराच वाद घातल्याचे त्याचे चरित्रकार नमूद करतात.

पण वाद घालून पोट भरत नाही. घरच्यांवर आणखी भार नको म्हणून त्यांनी पीएचडीचा विचार बाजूला ठेवला आणि १९४९ मध्ये इंग्लंडमधील हार्वेल येथील अणुऊर्जा संशोधन संस्थेत नोकरी धरली. तिथे सुरुवातीचा थोडा काळ त्यांचे वरिष्ठ होते क्लाउस फुक्स, ज्यांना पुढल्याच वर्षी अणुबॉम्बची गुपिते रशियाला दिल्याबद्दल अटक झाली. बेल लवकरच माल्व्हर्नला, कणांना वेग देणाऱ्या यंत्रांच्या गटात गेले. या यंत्रांना अ‍ॅक्सिलरेटर, मराठीत त्वरक म्हणतात. याच कामात त्यांची मेरी रॉस या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ तरुणीशी ओळख झाली. १९५४ मध्ये दोघांनी लग्न केले. मेरीबाई स्वतः त्वरकांच्या जाणकार होत्या आणि आयुष्यभर दोघांनी अनेक लेख मिळून लिहिले. बेल यांनी आपल्या लेखसंग्रहाच्या प्रस्तावनेत पत्नीचे ऋण ज्या शब्दांत मानले आहे, ते मूळ पुस्तकातच वाचावे.

मधल्या काळात संस्थेने त्यांना बर्मिंगहॅमला रुडॉल्फ पायर्ल्स यांच्याकडे अभ्यासासाठी पाठवले. तिथे त्यांनी भौतिकशास्त्रातला एक मूलभूत सिद्धांत स्वतंत्रपणे सिद्ध केला, पण तोवर ल्यूडर्स आणि पाउली यांचे तेच काम आधी प्रसिद्ध झाले होते आणि श्रेय त्यांच्या नावावर गेले. त्याच कामावर १९५६ मध्ये पीएचडी मिळाली. १९६० मध्ये बेल पती-पत्नी जिनिव्हाला सर्नमध्ये रुजू झाले. युरोपातील अनेक देशांनी मिळून उभारलेली ही कणभौतिकीची प्रयोगशाळा. पुढची तीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, बेल तिथेच होते. जॉन सैद्धांतिक विभागात, मेरी त्वरकांच्या विभागात.

सर्नमधल्या नेमणुकीचे काम त्यांनी मन लावून केले. रोमन जॅकिव यांच्याबरोबर १९६९ मध्ये त्यांनी पायॉन नावाचा कण दोन फोटॉनांत कसा विघटित होतो याचे कोडे सोडवले. केवळ तेवढ्यानेही त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत राहिले असते. पण आज जग त्यांना ओळखते ते क्वीन्सच्या वर्गात सुरू झालेल्या त्या जुन्या वादामुळे.

त्या वादाची पार्श्वभूमी अशी. १९३५ मध्ये आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन या तिघांनी एक लेख लिहून दाखवले की, क्वांटम शास्त्र खरे मानले तर दोन कण एकदा एकत्र जन्मले की कितीही दूर गेले तरी त्यांची वर्णने सुटी करता येत नाहीत. एकाचे मोजमाप केले की त्याच क्षणी दुसऱ्याविषयी निश्चित काहीतरी कळते. आइनस्टाइन यांचे म्हणणे, यात जादू नाही. कण निघतानाच आपापली उत्तरे बरोबर घेऊन निघतात, फक्त आपले शास्त्र अपुरे असल्याने ती उत्तरे त्यात दिसत नाहीत. त्याच वर्षी श्रोडिंगर यांनी या बंधनाला नाव दिले, एंटँगलमेंट. आपण गुंतलेपणा म्हणू. नील्स बोर यांनी आइनस्टाइनना उत्तर दिले आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी बोर जिंकले असे मानून विषय मिटवला. शिवाय फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने १९३२ च्या ग्रंथात अशी छुपी उत्तरे असूच शकत नाहीत असे सिद्ध केल्याचे सर्वमान्य होते.

पण १९५२ मध्ये डेव्हिड बोम यांनी नेमके तेच करून दाखवले, जे फॉन नॉयमन यांच्या मते अशक्य होते. बेल यांना हा लेख वाचून मोठाच धक्का बसला. सिद्धतेत कुठेतरी खोट आहे. पण ग्रंथ जर्मन भाषेत आणि बेल यांना जर्मन येत नव्हते. फ्रान्झ मान्डल नावाच्या सहकाऱ्याने त्यांना मजकूर समजावून सांगितला. पुढे बेल यांनी ती खोट नेमकी दाखवली: सिद्धतेत एक गृहीत धरलेली गोष्ट अवाजवी होती. ग्रेटे हर्मान या जर्मन विदुषीने हीच चूक १९३५ मध्येच लिहून ठेवली होती, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. तीस वर्षे कोणी तिकडे लक्ष दिले नाही.

१९६३-६४ मध्ये बेल वर्षभराच्या रजेवर अमेरिकेत होते. रोजच्या कामाचा तगादा नव्हता, म्हणून मनातला जुना प्रश्न त्यांनी बाहेर काढला. आधी फॉन नॉयमन यांच्या सिद्धतेवरचा लेख लिहिला आणि त्याच्या शेवटी विचारले, की छुप्या उत्तरांच्या सर्वच सिद्धांतांत दूरच्या कणांनी एकमेकांवर परिणाम करणे अटळ आहे काय? दुसऱ्या लेखात त्यांनीच त्याचे उत्तर दिले. पण पहिला लेख संपादकांच्या कार्यालयात चुकीच्या जागी ठेवला गेला आणि थेट १९६६ मध्ये छापून आला. दुसरा १९६४ मध्येच निघाला. त्यामुळे उत्तर आधी छापले गेले आणि प्रश्न दोन वर्षांनी!

दुसरा लेख अवघ्या सहा पानांचा. तो कुठे छापायचा हाही प्रश्नच होता. मोठी अमेरिकन नियतकालिके लेखकाच्या संस्थेकडून छपाईचा खर्च घेत. पाहुणा म्हणून आलेल्या बेल यांना यजमान संस्थेकडे, तेही अशा आडवळणाच्या विषयासाठी, पैसे मागणे संकोचाचे वाटले. म्हणून त्यांनी 'फिजिक्स' नावाचे एक नवे नियतकालिक निवडले, जे खर्च मागत नव्हते. काही वर्षांतच ते बंद पडले.

त्या सहा पानांत काय आहे ते आम्ही एका खेळाच्या रूपाने सांगतो. बेल यांची मूळ मांडणी गणिती आहे, पण गाभा हाच.

समजा एक बहीण आणि एक भाऊ आहेत. बहिणीला इंदूरला एका खोलीत बसवले, भावाला बडोद्याला. फोन काढून घेतले. प्रत्येकाला दोन प्रश्नांपैकी एक विचारायचा, कोणता ते नाणे उडवून ठरवायचे. उत्तर फक्त हो किंवा नाही. नियम असा: दोघांनाही दुसरा प्रश्न आला तर त्यांची उत्तरे वेगवेगळी हवीत. बाकी तिन्ही प्रसंगी उत्तरे सारखी हवीत. घरून निघण्यापूर्वी दोघांनी हवे तेवढे ठरवून घ्यावे, चिठ्ठ्या लिहून खिशात ठेवाव्यात. कसेही ठरवले तरी चारपैकी तीन प्रसंगच साधतात, चौथा हुकतोच. ज्यांना खात्री नसेल त्यांनी कागद घेऊन सगळ्या शक्यता मांडून पाहाव्यात, दहा मिनिटांचे काम आहे. म्हणजे शंभर वेळा खेळ केला तर सरासरीने ७५ च्या वर जाता येत नाही.

आता भावंडांच्या जागी दोन गुंतलेले फोटॉन ठेवा आणि प्रश्नांच्या जागी ध्रुवण मोजण्याचे दोन वेगवेगळे कोन. क्वांटम शास्त्राचे गणित सांगते की हे फोटॉन शंभरात सुमारे ८५ वेळा जिंकतील. खिशातल्या चिठ्ठ्यांनी हे शक्य नाही. म्हणजे आइनस्टाइन यांची कल्पना आणि क्वांटम शास्त्र यांपैकी कोण बरोबर, हे वाद न घालता, मोजून ठरवता येते. बेल यांनी केले ते इतकेच आणि एवढे मोठे. तोवर हा विषय शास्त्रज्ञ जेवणानंतरच्या गप्पांत काढत. तो त्यांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर आणून ठेवला.

विशेष म्हणजे बेल यांचा स्वतःचा ओढा आइनस्टाइन यांच्याकडे होता. जगाला मोजमापाआधीही ठाम रूप असावे असे त्यांना मनापासून वाटे. आपल्याच आवडत्या बाजूला पराभूत करू शकेल अशी कसोटी त्यांनी रचली आणि तिच्यात पळवाट ठेवली नाही.

पुढे पाच वर्षे जवळजवळ शांतता. १९६९ मध्ये अमेरिकेतून जॉन क्लाउझर नावाच्या तरुणाचे पत्र आले. त्याने आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी बेल यांची कसोटी प्रत्यक्ष प्रयोगाला सोयीच्या रूपात मांडली. आपला वरचा खेळ याच रूपावर बेतलेला आहे. शास्त्रज्ञ त्याचे गुण वेगळ्या मापाने मोजतात: चिठ्ठ्यांची मर्यादा २ आणि क्वांटमची कमाल २.८३. १९७२ मध्ये क्लाउझर आणि फ्रीडमन यांनी बर्कलीत कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या फोटॉनांवर प्रयोग केला. मर्यादा मोडली. क्वांटम शास्त्र जिंकले.

फ्रान्समध्ये अ‍ॅलेन अस्पे या तरुणाला त्याहून काटेकोर प्रयोग करायचा होता. प्रश्न आधीपासून ठरलेला असेल तर फोटॉनांना कसा तरी सुगावा लागला असेल, अशी शंका कोणी काढू नये म्हणून फोटॉन वाटेत असतानाच प्रश्न बदलायचा, अशी त्याची योजना. १९७५ च्या सुमारास तो जिनिव्हाला बेल यांना भेटायला गेला. त्याची योजना ऐकल्यावर बेल यांनी पहिली चौकशी केली ती त्याच्या नोकरीची: ती कायम आहे ना? कायम आहे म्हटल्यावरच त्यांनी पुढचे बोलणे केले. या विषयात पडणाऱ्याला त्या काळी वेडगळ समजत आणि नोकरी मिळणे कठीण होई. घरात एकालाच शिकता आले, त्या घरातून आलेला माणूस होता. दुसऱ्याच्या पोटापाण्याचा विचार आधी करणे त्यांच्या अंगात होते असे आम्हाला वाटते. अस्पे यांचे प्रयोग १९८१-८२ मध्ये पूर्ण झाले. निकाल तोच.

बेल स्वतः सर्नमध्ये या विषयावर फारसे बोलतही नसत. व्हिएन्नाचे राइनहोल्ड बर्टलमान १९७८ पासून त्यांच्याबरोबर कणभौतिकीवर काम करत होते, रोज दुपारी चारला उपाहारगृहात दोघे वर्बेनाच्या पानांचा काढा पीत बसत. तरीही बेल यांच्या या दुसऱ्या कामाचे खरे महत्त्व त्यांना माहीत नव्हते. बर्टलमान नेहमी दोन पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालत. १९८० मध्ये ते व्हिएन्नात असताना त्यांच्या हाती बेल यांचा नवा लेख आला. शीर्षकातच त्यांचे मोजे आणि आत बेल यांनी स्वतः काढलेले त्यांचे व्यंगचित्र! मुद्दा असा होता, की बर्टलमान यांच्या एका पायात गुलाबी मोजा दिसला की दुसरा गुलाबी नाही हे न पाहता कळते आणि त्यात आश्चर्य नाही. कारण मोजे सकाळीच घातलेले असतात. गुंतलेले कण मात्र असे सकाळी मोजे घालून निघालेले नसतात. इतका अवघड विषय इतक्या थट्टेखोरपणे समजावणारा माणूस विरळा.

त्यांचे राहणे साधे होते. तांबूस केस, दाढी, मृदू आवाज. सोळाव्या वर्षापासून शाकाहारी. वादात मात्र ढिसाळ शब्द खपवून घेत नसत. १९७२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९८८ मध्ये त्यांच्या क्वीन्स विद्यापीठाने आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. १९८७ मध्ये या विषयावरचे त्यांचे लेख पुस्तकरूपाने आले. आणि तीनच वर्षांनी, मेंदूत रक्तस्राव होऊन, ते अचानक गेले. वय बासष्ट. त्या वर्षी त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले गेले होते आणि त्याची त्यांना कल्पना नव्हती, असे चरित्रकार सांगतात.

यानंतरची हकीगत बेल यांच्या पश्चात घडली, पण तिच्याशिवाय हे चरित्र अपुरे राहील.

१९९१ मध्ये आर्टुर एकर्ट यांनी दाखवले की बेल यांची कसोटी गुप्त संदेशांची राखण करू शकते. दोन ठिकाणी गुंतलेले फोटॉन पाठवा, मधूनमधून वरचा खेळ खेळून गुण मोजा. गुण ८५ च्या जवळ असतील तर वाटेत कोणी कान लावलेला नाही. गुण उतरले तर सावध व्हा. मग प्रश्न आला अंतराचा. काचेच्या तंतूतून, ज्याला आपण ऑप्टिकल फायबर म्हणतो, फोटॉन जाताना वाटेत नाहीसे होत जातात. उत्तम तंतूतही सुमारे १५ किलोमीटरला निम्मे संपतात, १०० किलोमीटरला शंभरातला एक उरतो. टेलिफोनच्या जाळ्यात मध्ये मध्ये संदेश पुन्हा मोठा करून पुढे पाठवतात. एकट्या फोटॉनच्या क्वांटम अवस्थेची नक्कल मात्र करता येत नाही, हा निसर्गाचाच नियम आहे.

उपाय असा निघाला की लांबचा पल्ला तुकड्यांत विभागायचा. प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना गुंतवायचे आणि मग सांधे जोडत जायचे. पण सगळे तुकडे एकाच क्षणी यशस्वी होत नाहीत. एका तुकड्याची जोडी जमली आणि शेजारची जमायची आहे, तोवर पहिलीने थांबायचे कुठे? गाडी बदलायच्या स्टेशनावर जशी प्रतीक्षागृहाची सोय लागते, तशी फोटॉनसाठी लागते. तीच क्वांटम मेमरी. २००१ मध्ये चार शास्त्रज्ञांनी अणूंच्या ढगाचा असा उपयोग करण्याची तपशीलवार योजना मांडली. २००८ मध्ये अमेरिकेत कॅलटेकला, थंड केलेल्या सीझियमच्या अणूंत, एका फोटॉनच्या दोन वाटांमधला गुंतलेपणा साठवून पुन्हा बाहेर काढण्यात यश आले.

आणि मग जिनिव्हा. बेल जिथे तीस वर्षे राहिले त्याच शहरात, जिनिव्हा विद्यापीठात, निकोला जिझां यांच्या गटाने १९९७ मध्ये शहराच्या दोन बाजूंच्या बेलेव्ह्यू आणि बेर्ने या गावांमध्ये, टेलिफोन कंपनीच्या जमिनीखालच्या तंतूंतून गुंतलेले फोटॉन पाठवून बेल यांची कसोटी घेतली होती. गावांमधले अंतर दहा किलोमीटरहून अधिक. याच गटाने २०११ मध्ये पुढचे पाऊल टाकले. एका हिरव्या फोटॉनपासून दोन गुंतलेले फोटॉन तयार केले. एक टेलिफोनच्या तंतूंना मानवणाऱ्या तरंगलांबीचा, तो तंतूत गेला. दुसरा एका स्फटिकात सोडला. त्या स्फटिकात निओडिमियम या दुर्मिळ मृदा धातूचे अणू पेरलेले होते आणि तो उणे २७० अंश सेल्सिअसपर्यंत गार केलेला होता.

स्फटिकात काय घडते? फोटॉन कोणा एका अणूत शिरत नाही. असंख्य अणू मिळून तो उचलतात आणि तो कोणाकडे आहे हे निसर्गातही ठरलेले नसते. हे अणू किंचित वेगवेगळ्या कंपनसंख्यांचे असतात आणि त्या कंपनसंख्या कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतराने निवडून ठेवलेल्या असतात. फोटॉन येताच सगळे एकत्र सुरू होतात, लगेच पांगतात आणि ठरलेल्या वेळाने पुन्हा एकत्र येतात. आपल्या संगीताच्या भाषेत सांगायचे तर वेगवेगळ्या लयींत वाजवणारे सगळे जण बरोबर समेवर येतात. त्या क्षणी फोटॉन स्फटिकातून बाहेर पडतो. एका सेकंदाचे एक कोटी भाग केले तर त्यातल्या जेमतेम दोन भागांपर्यंत तो आत थांबवता आला. एवढासा वेळ, पण प्रकाश तेवढ्यात चाळीस मीटरच्या आसपास तंतू पार करतो.

बाहेर आलेला फोटॉन जोडीदाराशी अजून गुंतलेला आहे का? शास्त्रज्ञांनी बेल यांची कसोटी लावली. गुण आले २.६४. मापनाची संभाव्य त्रुटी ०.२३ धरली तरी २ ची मर्यादा ओलांडलेली. आपल्या खेळाच्या भाषेत शंभरात सुमारे ८३. काही काळ स्फटिकाच्या अणूंत मुक्काम करूनही नाते तुटले नव्हते. कॅनडातील कॅलगरीच्या गटाने थुलियम पेरलेल्या दुसऱ्या स्फटिकात असेच यश मिळवले आणि दोन्ही लेख 'नेचर'च्या एकाच अंकात आले. २०२१ मध्ये बार्सिलोनाच्या गटाने दहा मीटर अंतरावरचे दोन स्फटिक एकमेकांशी गुंतवले. दोन शहरांमधल्या प्रतीक्षागृहांपर्यंत अजून बरीच वाट आहे.

२०१५ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे, १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतील इलेक्ट्रॉनांवर, कसोटीतल्या उरल्यासुरल्या मोठ्या शंका एकाच प्रयोगात बंद करण्यात आल्या. त्याच वर्षी बेलफास्टने एका नव्या रस्त्याला बेल यांच्या सिद्धांताचे नाव दिले. माणसांची नावे रस्त्यांना द्यायची नाहीत असे तिथल्या महापालिकेचे धोरण असल्याने सिद्धांताचे नाव दिले आणि काम साधले! २०२२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल क्लाउझर, अस्पे आणि अँटोन झाइलिंगर यांना मिळाले. मरणोत्तर नोबेल देत नाहीत.

आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मान्यता दिली. त्याच्या उद्दिष्टांत क्वांटम मेमरी असलेले अनेक केंद्रांचे जाळे उभारणे हेही आहे. पुण्याच्या आयसरमध्ये आणि मुंबईच्या आयआयटीत क्वांटम तंत्रज्ञानाची केंद्रे आहेत. आपल्या मंडळातील काही घरांतली मुले-मुली भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी शिकत आहेत. त्यांच्यापैकी कोणी वरचा भावंडांचा खेळ पुढच्या मासिक बैठकीत सर्वांना करून दाखवायला तयार असेल तर कार्यालयात नाव द्यावे. कागद, पेन आणि दोन नाणी मंडळाकडून मिळतील.